शिकागो: सगळे रूळ जिथे येतात

"अमेरिकेत गाडीवाचून पाय हलत नाही." मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेल्या बहुतेक आई-वडिलांच्या तोंडून हे ऐकायला मिळतं. शनिवार-रविवारी मुलं फिरवून आणतात, आणि सोमवार ते शुक्रवार समोरचं अंगण बघत बसायचं. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, पण ते सगळ्या शहरांना सारखं लागू पडत नाही. शिकागो या बाबतीत फार वेगळं शहर आहे. विमानातून उतरलेला माणूस इथे गाडीला हातही न लावता आठवडाभर मनसोक्त भटकू शकतो. त्यासाठी फक्त एक गोष्ट समजून घ्यावी लागते: इथले जवळजवळ सगळे रूळ एकाच ठिकाणी, शहराच्या मध्यभागी येऊन मिळतात. तुमचा मुक्काम त्या रुळांपासून किती जवळ आहे, यावर बाकी सगळं ठरतं. म्हणून शिकागोला जाणाऱ्याने हॉटेलची खोली आणि नाश्ता पाहण्याआधी जवळचं स्टेशन कोणतं ते पाहावं, असं मी आवर्जून सांगते.

रूळ इथेच का जमले, याचं उत्तर पाण्यात आहे. शिकागो वसलं मिशिगन सरोवराच्या नैऋत्य काठावर. या सरोवराला मिळणारी छोटी शिकागो नदी आणि पलीकडे मिसिसिपीच्या खोऱ्यात वाहत जाणारं पाणी, यांच्यामध्ये सखल, दलदलीची अगदी थोडी जमीन होती. मूळचे रहिवासी तिथून होड्या खांद्यावर घेऊन जात. १८४८ साली तिथे कालवा पूर्ण झाला आणि त्याच वर्षी शहरातून पहिली आगगाडीही धावली. पुढे पूर्वेकडून आलेल्या रेल्वे कंपन्यांचे रूळ सरोवराच्या टोकाला वळसा घालून इथे संपले आणि पश्चिमेच्या कंपन्यांचे इथून सुरू झाले. प्रत्येक कंपनीने स्वतःचं वेगळं स्थानक बांधलं. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या उतारूला कित्येक दशकं शिकागोत उतरून, सामान घोडागाडीत टाकून, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर जाऊन नवी गाडी धरावी लागे.

अशाच एका गाडीने १८९३ च्या जुलैअखेरीस स्वामी विवेकानंद इथे पोचले. ३१ मे रोजी त्यांनी मुंबई सोडली होती. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असं करत बोटीने व्हँकुव्हर, आणि तिथून आगगाडीने शिकागो. ज्या इमारतीत ११ सप्टेंबरला सर्वधर्म परिषद सुरू झाली, ती आज आर्ट इन्स्टिट्यूट म्हणून मिशिगन अव्हेन्यूवर उभी आहे. त्या रस्त्याच्या तिथल्या भागाला स्वामीजींचं मानद नावही दिलेलं आहे. उन्नत रेल्वेच्या अ‍ॅडम्स-वॉबॅश स्टेशनवर उतरलं की पूर्वेला पाच मिनिटांची पायवाट आहे.

स्वामीजी आले तेव्हा शहरातली उन्नत रेल्वे जेमतेम वर्षाची होती. तिला इथे सगळे 'एल' म्हणतात. ६ जून १८९२ रोजी तिची पहिली गाडी धावली, तीही वाफेच्या इंजिनावर, आणि पुढच्या मे महिन्यात जागतिक प्रदर्शनासाठी ती जॅक्सन पार्कपर्यंत नेण्यात आली. या पहिल्या मार्गाची रचना आजही डोळ्यांना दिसते. रस्त्यावर खांब रोवायचे तर त्या रस्त्यावरच्या बहुसंख्य मालमत्ताधारकांची संमती लागेल, असा कायदा होता. घरासमोरून धूर ओकणारं इंजिन कोणाला हवं असणार? मग कंपनीने रस्ता सोडला आणि घरांच्या मागच्या, पालिकेच्या मालकीच्या बोळांवरून रूळ नेले. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना गाडीतून घरांची मागची बाजू दिसते: लाकडी जिने, वाळत घातलेले कपडे, मागच्या गॅलरीतल्या खुर्च्या. पर्यटन विभागाच्या फोटोंत हे शिकागो नसतं, आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं.

मध्यभागाला मात्र बोळांतून जाऊन भागणार नव्हतं. चार्ल्स येर्क्स या धनाढ्य आणि खटपट्या माणसाने तो पेच सोडवला. व्हॅन ब्यूरन रस्त्यावरचे मालक संमती देईनात, तेव्हा त्याने कागदावर तो मार्ग पश्चिमेला लांबवला, तिकडच्या मालकांच्या सह्या जमवल्या आणि बहुमत दाखवून हवा तेवढा तुकडा बांधून घेतला. १८९७ मध्ये चार रस्त्यांवरून फिरणारा चौकोन पुरा झाला. हाच तो 'लूप'. आज पाच मार्गांच्या गाड्या त्यावरून फिरतात. रस्ते काटकोनात छेदतात, म्हणून रूळही काटकोनात वळतात, आणि त्या वळणांत मावावेत म्हणून एलचे डबे आजही ४८ फुटांचेच असतात, म्हणजे मुंबईच्या लोकलच्या डब्याहून कितीतरी आखूड आणि अरुंद. पहिल्यांदा बसणाऱ्याला ही गाडी लहान वाटते. वळणावर चाकं करकरतात आणि इमारतींच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळ येतात.

मुंबईकराने या गाडीकडे आणखी एका कारणासाठी आपुलकीने पाहावं. इंजिन काढून टाकून डब्यांनाच मोटारी बसवायच्या आणि पुढच्या डब्यातल्या एका मोटरमनने त्या सगळ्या एकदम चालवायच्या, ही युक्ती फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८९७-९८ मध्ये शिकागोच्या याच दक्षिण मार्गावर यशस्वी केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेली विजेवरची पहिली गाडी त्याच तत्त्वावर चालली, आणि आजची प्रत्येक लोकलही त्यावरच चालते.

आता उतरण्याचं पाहू. शिकागोला दोन विमानतळ आहेत: वायव्येला सुमारे २७ किलोमीटरवर ओहेअर आणि नैऋत्येला त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर मिडवे. भारतातून येणारा माणूस बहुधा ओहेअरच्या टर्मिनल ५ वर उतरतो. एलचं स्टेशन या टर्मिनलमध्ये नाही. बाहेर पडून विमानतळाच्या आतल्या फुकट, चालकाशिवाय धावणाऱ्या गाडीत बसायचं आणि जुन्या टर्मिनलांकडे यायचं. तिथून खाली उतरलं की ब्लू लाइनचं स्टेशन. ही गाडी १९८४ पासून विमानतळापर्यंत येते आणि चोवीस तास चालते. मध्यभागात पोचायला साधारण पाऊण तास लागतो, रस्त्यावर कितीही कोंडी असली तरी तेवढाच. कारण बराच वेळ तिचे रूळ केनेडी महामार्गाच्या दुभाजकातून जातात. दोन्ही बाजूंना चार-चार रांगांत मोटारी अडकून पडलेल्या आणि मधून गाडी सुसाट निघालेली, हे संध्याकाळी पाच वाजता रोज दिसतं. महामार्ग आणि मेट्रो एकाच पट्ट्यात बांधण्याचा हा विचार शिकागोने १९५८ मध्ये शहराच्या पश्चिमेला प्रत्यक्षात आणला होता. त्याचा तोटाही सांगायला हवा: फलाट भर महामार्गात असल्यामुळे तिथे उभं राहिलं की कानठळ्या बसतात, आणि हिवाळ्यात वारा दोन्हीकडून झोडपतो.

दोन मोठ्या बॅगा असतील तर ब्लू लाइनमध्ये सामानाला वेगळी जागा नसते, हे लक्षात ठेवावं. ओहेअर हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे गाडी रिकामीच लागते. दाराजवळच्या आडव्या बाकावर बसून बॅगा पायांशी धराव्यात. उतरायचं स्टेशन लिफ्ट असलेलं निवडावं. मध्यभागात क्लार्क-लेक आणि जॅक्सन इथे लिफ्ट आहे, पण सगळ्याच जुन्या भुयारी स्टेशनांवर नाही, आणि दोन बॅगा घेऊन तो जिना चढणं साठीच्या माणसाला झेपत नाही. विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर मी टॅक्सीच सुचवेन. गाडी चालू असते, पण त्या वेळी डबे ओस असतात आणि बेघर माणसं आसऱ्याला आलेली असतात. ती सहसा कोणाला त्रास देत नाहीत, तरी नवख्याला धास्ती वाटते. रात्री एलने जायचंच असेल तर चालकाजवळच्या पहिल्या डब्यात बसावं, हा तिथल्या लोकांचा सल्ला योग्य आहे.

मिडवेला उतरणाऱ्याचं काम सोपं. १९९३ पासून ऑरेंज लाइन आहे, ती अर्ध्या तासाच्या आत थेट लूपवर आणते, आणि तीही उंचावरून, त्यामुळे शहर दिसत येतं.

भाड्याची पद्धत आपल्यापेक्षा सोपी आहे. एक स्टेशन जा नाहीतर वीस, भाडं तेवढंच. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना काही नाही. 'व्हेंट्रा' नावाचं कार्ड मिळतं, पण टेकवून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड किंवा फोनही फाटकावर चालतो. दोन तासांच्या आत गाडी किंवा बस बदलली तर पुन्हा पूर्ण भाडं पडत नाही. फक्त ओहेअरहून चढताना भाडं जवळपास दुप्पट असतं. मात्र एका किंवा अनेक दिवसांचा पास असेल तर ते जास्तीचे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून विमानतळावरच पास काढावा, त्याच दिवसापासून वसूल होतो. गाडीची दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावाने सांगतात, जसं आपण कर्जत किंवा विरार म्हणतो: रेड लाइन एकीकडे हॉवर्डला जाते, दुसरीकडे नाइन्टी-फिफ्थला. रंगांनी ओळखले जाणारे असे आठ मार्ग आहेत आणि त्यातले रेड आणि ब्लू रात्रभर चालतात.

शिकागोत रस्ता चुकणं अवघड आहे, याचं श्रेय १९०९ मध्ये लागू झालेल्या एका पद्धतीला जातं. त्याआधी एकाच नावाचे अनेक रस्ते होते आणि घरांचे क्रमांक वाटेल तसे होते. एडवर्ड ब्रेनन या गृहस्थाने वर्षानुवर्षं पाठपुरावा करून पालिकेच्या गळी एक साधी योजना उतरवली. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे छेदतात तो शून्याचा बिंदू. तिथून चारही दिशांना दर मैलाला आठशे क्रमांक. घराचा पत्ता ३२०० नॉर्थ असेल तर ते मॅडिसनपासून चार मैल उत्तरेला, एवढं नकाशा न बघता कळतं. दक्षिणेच्या पहिल्या तीन मैलांत हे गणित थोडं बिघडतं, बाकी सगळीकडे चोख चालतं. सरोवर कायम पूर्वेला, म्हणजे दिशाही हरवत नाही. फोनची बॅटरी संपली तरी माणूस ठिकाणावर पोचतो. मला तर वाटतं, शिकागोची खरी वाहतूक व्यवस्था इथूनच सुरू होते, कारण बसही हीच चौकट पाळतात. बहुतेक बस एक रस्ता धरतात आणि शेवटपर्यंत सरळ जातात. बसच्या पाटीवर क्रमांकाबरोबर रस्त्याचंच नाव असतं.

उदाहरणार्थ डेव्हन अव्हेन्यू. ६४०० नॉर्थ, म्हणजे मध्यापासून आठ मैल. साड्या, सोन्याचे दागिने, कढीपत्ता, पोहे, तूर डाळ, मिठाई हे सगळं एका रस्त्यावर मिळणारी ही अमेरिकेतली जुनी आणि मोठी देशी बाजारपेठ. तिच्या एका भागाला महात्मा गांधींचं मानद नाव आहे आणि पुढच्या भागाला जिनांचं. रेड लाइनने लोयोलाला उतरायचं आणि १५५ क्रमांकाची बस धरायची. ती डेव्हनवरूनच जाते. विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाला जायचं तर मध्यभागातून ६ क्रमांकाची बस आहे. १८९३ च्या प्रदर्शनातली जी एक भव्य इमारत जॅक्सन पार्कमध्ये उरली, त्यातच हे संग्रहालय आहे, आणि त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. ही बस बराच वेळ सरोवराकाठच्या हमरस्त्याने जाते. येताना-जाताना पूर्वेच्या बाजूला बसावं.

आणखी एक जागा, जी अनेक जण गाडीनेच जायची समजतात: विल्मेट इथलं बहाई उपासना मंदिर. दिल्लीचं कमळ मंदिर पाहिलेल्यांनी त्याच पंथाचं हे जुनं, १९५३ मध्ये खुलं झालेलं, नक्षीदार पांढरं मंदिर जरूर पाहावं. पर्पल लाइनच्या लिंडन या शेवटच्या स्टेशनपासून ते चालत गाठता येतं.

इथवर जे सांगितलं ते शहराचं. आपली बहुतेक माणसं मात्र राहतात उपनगरांत: नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग. या शहराशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ मध्ये शिकागोतच स्थापन झाली. या उपनगरांना एल पोचत नाही. तिथे धावते 'मेट्रा' ही उपनगरी रेल्वे, आणि तिच्याकडे आपली मंडळी उगाच दुर्लक्ष करतात.

मेट्राचे ११ मार्ग आहेत. डबे दुमजली, पण वेगळ्याच घडणीचे. मधली जागा छतापर्यंत मोकळी, आणि वरच्या मजल्यावर दोन्ही कडांना एकेका आसनाचे अरुंद सज्जे. १९५० मध्ये बर्लिंग्टन रेल्वेने असे डबे आणले, कारण खालून चालणाऱ्या कंडक्टरला जिना न चढता वरच्यांची तिकिटं हात उंचावून तपासता यावीत. आजही तसंच चालतं. स्टेशनवर फाटक नाही. माणूस सरळ फलाटावर जातो, गाडीत बसतो, आणि टोपी घातलेला कंडक्टर येऊन तिकीट बघतो. एकदा नेपरव्हिलहून येताना माझ्या पुढे एक मराठी जोडपं होतं. "अहो, खालीच बसू, त्या जिन्याने कुठे चढता?" काकू म्हणाल्या. काका तोवर तीन पायऱ्या चढले होते. "अगं, वरून सगळं दिसतं, तू ये तर!" काकू गेल्या. पुढे पाऊण तास दोघं काचेला नाक लावून घरांची परसं, मालगाड्यांची यार्डं आणि दूरवर दिसायला लागलेले मनोरे बघत होते. मुलगा कामावर गेलेला असताना ती दोघं स्वतःहून शहरात निघाली होती, याचा मला फार आनंद झाला.

मेट्राच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, ही मुंबईची लोकल नव्हे. कचेऱ्यांच्या वेळा सोडल्या तर बऱ्याच मार्गांवर तासाला एकच गाडी असते, आणि शनिवार-रविवारी त्याहूनही विरळ. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून घ्यावी. दुसरी गोष्ट, मेट्रा शहरात चार वेगवेगळ्या स्थानकांवर येते, आणि युनियन व ओगिल्व्ही ही त्यातली दोन मोठी स्थानकं लूपपासून नदीपलीकडे आहेत. एलची गाडी थेट त्यांच्या फलाटाला लागत नाही, थोडं चालावं लागतं किंवा बस घ्यावी लागते. प्रत्येक कंपनीने स्वतंत्र स्थानक बांधलं, त्याचा भुर्दंड अजून पायांना पडतो आहे.

सगळे रूळ मध्याकडे येण्याचा मोठा तोटा वेगळाच आहे. नेपरव्हिलच्या मैत्रिणीला शॉमबर्गच्या मैत्रिणीकडे गाडीने जायचं तर आधी शहरात युनियन स्थानकावर यायचं, तिथून दुसऱ्या मार्गाची गाडी धरून पुन्हा तितकंच बाहेर जायचं. मोटारीने हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. उपनगरांना आपसांत जोडणाऱ्या रेल्वेची योजना या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली होती, ती बारगळली. उपनगरांत 'पेस'च्या बस आहेत, पण त्यांच्या भरवशावर कार्यक्रम आखू नये. बार्टलेटचं स्वामिनारायण मंदिर आणि लेमाँटचं राममंदिर पाहायचं असेल तर मोटारीला पर्याय नाही, हे मोकळेपणाने सांगितलेलं बरं.

दक्षिणेकडे जाणारा 'मेट्रा इलेक्ट्रिक' हा एकच मार्ग विजेवर चालतो. त्याचं विद्युतीकरण १९२६ मधलं, म्हणजे मुंबईच्या पाठोपाठचं, आणि दोन्हीकडे वीजही तीच होती, १५०० व्होल्ट डीसी. मुंबईने गेल्या दशकात ती बदलून २५ हजार व्होल्ट एसी केली. शिकागोत अजून जुनीच आहे.

शिकागोहून दुसऱ्या शहरांत जायला अ‍ॅमट्रॅक ही रेल्वे कंपनी आहे. देशाच्या लांब पल्ल्याच्या निम्म्याहून अधिक गाड्या १९२५ मध्ये उघडलेल्या युनियन स्थानकातून सुटतात किंवा तिथे संपतात. तिथल्या भव्य दिवाणखान्यात गाडी नसतानाही जाऊन बसावं. छताच्या काचांतून येणारा उजेड आणि लाकडी बाकं बघितली की रेल्वेच्या वैभवाचा काळ कसा असेल ते कळतं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत जाणारी कॅलिफोर्निया झेफर इथूनच निघते. सुमारे ३,९०० किलोमीटर, दोन रात्री, ५२ तासांच्या आसपास. रॉकी आणि सिएरा नेवाडा हे दोन्ही पर्वत ती दिवसाउजेडी ओलांडते, वेळेवर असेल तर. ती वेळेवर असेलच असं नाही, कारण रूळ अ‍ॅमट्रॅकचे नसून मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. उतारूंच्या गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा आहे, तरी मैल-दोन मैल लांबीची मालगाडी पुढे उभी असेल तर कायदा काय करणार? देशातल्या रेल्वेच्या मालवाहतुकीचा साधारण चौथा हिस्सा या एका शहरातून जातो. म्हणून झेफरने जायचं तर पुढच्या विमानाचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नये.

जवळच्या प्रवासाला मात्र अ‍ॅमट्रॅक उत्तम. मिलवॉकीला हायवाथा नावाची गाडी दीड तासात नेते. लिंकनचं घर आणि समाधी ज्या स्प्रिंगफील्डमध्ये आहे, तिथे सेंट लुइसच्या गाडीने जाता येतं. त्या मार्गावर २०२३ पासून ताशी १७७ किलोमीटरपर्यंत वेग मिळतो आणि सपाट मक्याच्या शेतांतून गाडी नाकासमोर पळते.

शहरात भाड्याची मोटार घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रस्त्याकडेचे पार्किंग मीटर पालिकेने २००८ मध्ये ७५ वर्षांच्या कराराने सुमारे १.१५ अब्ज डॉलरना खासगी कंपनीला देऊन टाकले, आणि त्यानंतर दर भरमसाट वाढले. हॉटेलांचं रात्रीचं पार्किंग त्याहून महाग. शिवाय नदीकाठचा वॅकर ड्राइव्ह हा रस्ता दुमजली आहे. खालच्या मजल्यावर शिरलं की फोनचा नकाशा बावचळतो, आणि वळण निघून गेल्यावर भानावर येतो. मोटार हवीच असेल तर शेवटच्या दोन दिवसांसाठी, उपनगरांत जाण्यापुरती घ्यावी.

उन्हाळ्यात आणखी दोन साधनं हाताशी येतात. सरोवराच्या काठाने सुमारे २९ किलोमीटरची सलग वाट आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मनोरे. २०१३ पासून 'डिव्ही'च्या भाड्याच्या निळ्या सायकली जागोजागी मिळतात. सायकल एलमध्येही नेता येते, गर्दीच्या वेळा सोडून, आणि बसच्या पुढे ती अडकवायला चौकट असते. दुसरं साधन नदीतली जलटॅक्सी. ती पर्यटकांच्या मोठ्या बोटीच्या मानाने फार स्वस्त आहे आणि जाते त्याच पुलांखालून. वेल्स रस्त्याच्या पुलाखालून जाताना वर पाहावं: खालच्या मजल्यावर मोटारी, वरच्या मजल्यावर एल, आणि हा सगळा पूल रुळांसकट मधोमध दुभंगून वर उचलला जातो. वसंतात आणि शरदात शिडाच्या होड्या सरोवरात ये-जा करतात तेव्हा ठरलेल्या दिवशी एकेक पूल उघडत जातो.

हिवाळा वेगळा. ३० जानेवारी २०१९ रोजी इथलं तापमान उणे ३० अंश सेल्सियसखाली गेलं होतं. अशा थंडीत रूळ बदलायचे सांधे गोठू नयेत म्हणून मेट्रा त्यांच्याशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवते. लांबून बघणाऱ्याला रूळच जळताहेत असं वाटतं आणि गाडी त्यावरून शांतपणे जाते. एलच्या फलाटांवर छताखाली तापणारे दिवे असतात. खांबावरचं बटण दाबलं की ते लालसर पेटतात आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. त्याखाली अनोळखी माणसं कोंबडीच्या पिलांसारखी जवळजवळ उभी राहतात. मध्यभागातल्या कित्येक इमारती, स्टेशनं आणि दुकानं जमिनीखालच्या 'पेडवे' नावाच्या पादचारी भुयारांनी जोडलेली आहेत. १९५१ पासून ती तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेली, त्यामुळे वाट सरळ नाही, पाट्याही अपुऱ्या आहेत. पण बर्फाच्या दिवशी लूपमध्ये काम असेल तर ती शोधण्याचे कष्ट घ्यावेत.

एल, मेट्रा आणि पेस या तिघांचा कारभार आजवर वेगवेगळा चालत आला. एलच्या तिकिटावर मेट्रात बसता येत नाही, वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नाहीत. करोनानंतर उतारू घटले, तिन्हींच्या तिजोरीत मोठा खड्डा पडला, आणि सेवा कापावी लागेल अशी वेळ आली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने पैशाची तरतूद आणि सगळ्यांवर देखरेख करणारी अधिक अधिकारांची नवी यंत्रणा, असा कायदा संमत केला. तिकीट एक करणं हा त्यातला एक हेतू आहे, आणि बाहेरून येणाऱ्यालाही त्याचा मोठाच फायदा होईल.

या सगळ्यात एका भागाचा हिशेब मात्र फार जुना आहे. रेड लाइन १९६९ पासून दक्षिणेला नाइन्टी-फिफ्थ रस्त्यापाशी थांबते. शहराची हद्द त्याच्या पुढे कित्येक मैल आहे, आणि तिथल्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्त्यांतले लोक दोन पिढ्या बसने या स्टेशनपर्यंत येऊन मग गाडी धरताहेत. मार्ग पुढे नेण्याचं आश्वासन त्यांना तेव्हाच दिलं गेलं होतं. आता साडेपाच मैलांचा, चार नव्या स्टेशनांचा विस्तार मंजूर झाला आहे. त्यातलं शेवटचं स्टेशन वन-थर्टीयथ रस्त्यावर, ऑल्टगेल्ड गार्डन्स या सरकारी घरांच्या वसाहतीजवळ असेल.